हार्ड डिस्कची नक्कल आणि मामांची उधारी

वाणिज्य शाखेत पाऊल ठेवल्यावर पहिल्याच तासाला आपल्याला शिकवले जाते की, प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी असतात. एक नावे, दुसरी जमा. या दोन बाजू जुळल्या की आपण निर्धास्त होतो. परंतु ज्या वहीत या दोन्ही नोंदी आहेत, ती वहीच जगात एक असेल आणि तिची पाने विरू लागली असतील तर काय करावयाचे? हा प्रश्न मला कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आला नाही. तो आला जोयडा तालुक्यातील कुंभारवाड्याला, माझ्या मामांच्या दुकानात. त्याचे उत्तर शोधताना मी जे शिकले आणि जी चूक केली, ते दोन्ही या लेखात सांगणार आहे.

मामांचे दुकान किराण्याचे. शिवाय हंगामात ते काजू आणि कोकम विकत घेतात. गिऱ्हाईक आसपासच्या वाड्यांवरचे, बहुतेक शेतकरी कुणबी. पावसाळ्यात हाती पैसा नसतो, म्हणून माल उधारीवर जातो आणि पीक आले की हिशेब होतो. नऊ वर्षांपूर्वी मामांनी खतावणी बंद करून संगणक घेतला आणि सारे हिशेब टॅलीत ठेवू लागले. १९८६ साली बेंगळुरात सुरू झालेल्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर आज आपल्याकडे लहान दुकानांतही दिसते.

२०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. त्याआधीच्या शनिवारी, ३१ ऑगस्टला, मी वसतिगृहातून आजोळी गेले. मामा म्हणाले, "अगं, ह्याला काय झालंय बघ. चालू व्हायलाच अर्धा तास घेतो. वही उघडली की गप्प बसतो." मी कान लावला. पेटीच्या आतून मधूनमधून कुरकुर ऐकू येत होती.

चकतीच्या पोटात काय असते?

गावाचे नाव कुंभारवाडा, म्हणून चाकाचीच उपमा घेते. हार्ड डिस्कच्या डबीत गुळगुळीत चकत्या असतात आणि त्या चाकासारख्या फिरत राहतात. घरगुती संगणकात हा वेग बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांचा असतो. कुंभाराचा हात मातीला लागतो. इथे मात्र वाचणारे शीर्ष चकतीला न टेकता, काही नॅनोमीटरच्या अंतरावर हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. धुळीचा एक कणही या अंतरापुढे डोंगराएवढा असतो. म्हणूनच ही डबी घरी कधीही उघडू नये.

या चकत्यांवर माहिती लहान लहान खणांत लिहिलेली असते. या खणाला सेक्टर म्हणतात. जुन्या पद्धतीत एका खणात ५१२ बाइट मावतात, नव्या डिस्कमध्ये ४,०९६. मामांची डिस्क ५०० जीबीची होती. तीत ५१२ बाइटचे ९७ कोटी ६७ लाखांहून अधिक खण होते. तुलनेसाठी सांगते, १९५६ साली आयबीएमने जगातील पहिली हार्ड डिस्क विक्रीस आणली. तिच्यात २४ इंची ५० चकत्या होत्या आणि तीत मावत असत अवघी ५० लाख अक्षरे.

काळाच्या ओघात काही खण वाचता येईनासे होतात. डिस्कजवळ अशा वेळेसाठी थोडे राखीव खण असतात. नादुरुस्त खणाच्या जागी ती राखीव खण वापरते आणि त्याची नोंद ठेवते. या नोंदींच्या व्यवस्थेला 'स्मार्ट' असे नाव आहे आणि साध्या मोफत प्रोग्रॅमने ती पाहता येते. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या असतात: बदललेले खण किती, संशयित खण किती आणि वाचताच न आलेले किती. हे आकडे वाढू लागले की समजावे, पाणी उंबऱ्याशी आले.

२००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिला दोष दिसल्यानंतरच्या साठ दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता दोष नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट असते, असे त्यांना आढळले. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की, बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी प्रमुख चार लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. तात्पर्य, लक्षण दिसले तर विश्वास ठेवावा. दिसले नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

माझी चूक

हे सगळे मला आज माहीत आहे. त्या शनिवारी माहीत नव्हते. संगणकात डिस्क तपासून दुरुस्त करणारी एक आज्ञा असते. मी ती दिली आणि रात्रभर यंत्र चालू ठेवून झोपले. सकाळी टॅली उघडले तेव्हा मागची वर्षे दिसत होती, परंतु २० ऑगस्टनंतरच्या नोंदींवर प्रोग्रॅम अडून बसला.

चूक काय झाली? दुरुस्तीची ही आज्ञा फाइलींची अनुक्रमणिका नीट करते; चकतीची जखम भरत नाही. जी नोंद तिला वाचता येत नाही, तिचा संबंध ती तोडून टाकते आणि तुकडे वेगळ्या जागी नेऊन ठेवते. म्हणजे ती आजारी डिस्कवर वाचते आणि लिहितेसुद्धा. शिवाय वाचता न येणारा खण आला की डिस्क स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. एकेका खणावर कित्येक सेकंद जातात. मी रात्रभर एका थकलेल्या माणसाला त्याच्या दुखऱ्या पायावर चालवत ठेवले होते.

रविवारी सकाळी जिथे रेंज येते त्या चढावर जाऊन मी आमच्या एका सरांना फोन केला. सर कन्नडभाषिक. त्यांनी आधी यंत्र बंद करावयास सांगितले. मग म्हणाले, "मोदलु ओळ्ळेदु तगो, आमेले केट्टद्दु." म्हणजे आधी चांगले घे, मग वाईट. या लेखाचा सारा विषय या एका वाक्यात आहे.

नक्कल म्हणजे काय?

आपण एखादी फाइल पेनड्राइव्हवर घेतो, ती झाली प्रत. नक्कल, म्हणजे क्लोन, ही गोष्ट निराळी. नक्कल करणारा प्रोग्रॅम फाइली पाहतच नाही. तो पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत, रिकाम्या जागेसकट, सारे जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. त्यामुळे नवी डिस्क जुन्या डिस्कच्या जागी बसवली की विंडोज, टॅली, सारे जागच्या जागी मिळते.

डिस्क निरोगी असेल तर हे काम सोपे आहे. तैवानमधील राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेला क्लोनझिला हा मोफत प्रोग्रॅम त्यासाठी पुरेसा आहे. सेकंदाला १०० एमबी या वेगाने ५०० जीबीला ५,००० सेकंद, म्हणजे साधारण एक तास तेवीस मिनिटे लागतात.

आजारी डिस्कला हा हिशेब लागू पडत नाही. समजा तीत एक लाख खण नादुरुस्त आहेत आणि प्रत्येकावर पाच सेकंद जातात. म्हणजे पाच लाख सेकंद, जवळजवळ सहा दिवस. क्रमाने वाचत गेल्यास पहिल्याच खराब पट्ट्यावर डिस्कचे उरलेले आयुष्य संपेल आणि पलीकडचे ९० टक्के निरोगी खण वाचावयाचे राहून जातील.

यावर जो उपाय सरांनी सांगितला, त्या प्रोग्रॅमचे नाव डीडीरेस्क्यू. तो आंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिला आणि २००४ पासून तो मोफत उपलब्ध आहे. पहिल्या फेरीत तो जे सहज वाचता येते तेवढे भराभर उचलतो. अडथळा आला की थांबत नाही. तो भाग सोडून पुढे उडी मारतो. सारे चांगले हाती आल्यावर मागे फिरतो आणि सोडलेल्या भागांच्या कडा तासत आत शिरतो. शेवटी उरलेल्या भागातला एकेक खण वाचून पाहतो. सर्वांत शेवटी, आपण सांगितले तरच, हट्टी खणांवर पुन्हा प्रयत्न करतो.

मी हे मामांना समजावून सांगत होते तेव्हा आजी शेजारी वाती वळत बसली होती. तिचे लग्नानंतरचे घर जुन्या सुप्याचे. काळी नदीवरचे सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात सुपा गाव गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. आजी म्हणाली, "म्हणजे सुपा सोडलं तसंच की. पाणी चढणार म्हटल्यावर आधी देव काढले, दाणा काढला, जमिनीचे कागद काढले. कौलं-वासे शेवटी. पहिल्याच दिवशी कौलं उतरवत बसलो असतो, तर कागदांची पेटी पाण्यात गेली असती."

मला यापेक्षा सोपे करून सांगता आले नसते.

प्रत्यक्ष काम

सोमवारी मी नवी डिस्क आणली आणि सरांकडून दोन पेनड्राइव्ह घेतले. एकावर लिनक्स होते. त्यावरून संगणक चालू केला की आजारी डिस्कवरचे विंडोज जागे करावे लागत नाही आणि तिच्यावर एक अक्षरही लिहिले जात नाही. दुसरा पेनड्राइव्ह कशासाठी, ते पुढे सांगते.

काम सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. वेष्टनावरचा आकडा पुरेसा नाही. बाइटांचा नेमका आकडा पाहावा, एक खण कमी पडला तरी नक्कल अपुरी राहते. दुसरी, डिस्क शक्यतो संगणकाच्या आतल्या जोडणीलाच लावावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, कोणती डिस्क देणारी आणि कोणती घेणारी, हे अनुक्रमांक वाचून दोनदा ताडून पाहावे. बाजू चुकली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल आणि सारे कोरे होईल. नावे-जमेची अदलाबदल खोडून दुरुस्त करता येते, ही करता येत नाही. मी दोन्ही क्रमांक कागदावर लिहून मामांना मोठ्याने वाचावयास सांगितले.

आता दुसरा पेनड्राइव्ह. डीडीरेस्क्यू काम करताना एक नोंदवही ठेवतो. तिला मॅप फाइल म्हणतात. वाचून झालेल्या भागापुढे तीत अधिकचे चिन्ह असते, वाचता न आलेल्या खणापुढे वजाचे. वीज गेली तर ही वही पाहून तो सोडल्या जागेपासून पुढे जातो. पण लिनक्स पेनड्राइव्हवरून चालत असताना अशी फाइल नुसती संगणकाच्या स्मृतीत राहिली, तर विजेबरोबर तीही जाते. म्हणून ती वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावयाची.

आमच्या तालुक्यात सुपा धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॉटची दोन जनित्रे आहेत. तरीही पावसाळ्यात तारेवर झाड पडले की आमच्याकडे काळोख होतो. त्या दोन रात्रींत वीज तीनदा गेली. दुकानातल्या जुन्या यूपीएसने दहा मिनिटे तग धरावा आणि मग सारे शांत. पण प्रत्येक वेळी वीज आल्यावर तीच आज्ञा, तीच मॅप फाइल दिली आणि काम जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले.

पहिली फेरी सहा तासांत संपली आणि ९९ टक्क्यांहून अधिक भाग उतरला. उरलेल्या एका टक्क्याहूनही कमी भागाला दोन रात्री लागल्या. गुरुवारी पहाटे आकडे हलेनासे झाले तेव्हा ३,१८४ खण वाचावयाचे राहिले होते. म्हणजे सुमारे १६ लाख ३० हजार बाइट. ९७ कोटींपुढे हे काहीच नव्हे, असे मला वाटले.

इथे काही सूचना. डिस्कमधून ठराविक तालात टकटक असा आवाज येत असेल, तर बिघाड शीर्षाचा असण्याचा संभव असतो. तेव्हा ती बंद करून ठेवावी आणि माहिती अमूल्य असेल तर प्रयोगशाळेतल्या जाणकारांकडेच द्यावी. डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्लाही आपल्याकडे दिला जातो. गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरते. भाद्रपदातल्या आमच्या हवेत तर काही सांगावयासच नको.

ताळा

नक्कल झाली की काम संपले नाही. प्रथम यंत्र बंद करून जुनी डिस्क काढून ठेवावी. नक्कल म्हणजे ओळखपत्रासकट नक्कल. एकाच ओळखीच्या दोन डिस्क एका वेळी जोडल्या की विंडोज गोंधळते आणि त्यांपैकी एकीला बाजूला ठेवते. मग नक्कल सुरू करून पाहावी. दुरुस्तीची ती आज्ञा द्यावयाचीच असेल तर आता, या नव्या डिस्कवर द्यावी. ती बिघडली तर पुन्हा नक्कल करता येण्याची आशा तरी असते.

एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांच्या काळापर्यंत पोथी हातोहात उतरवताना पाठ बिघडले होते. परंतु ताडून पाहावयास अनेक पोथ्या होत्या. आमच्यापुढे एकच आजारी मूळ प्रत होती. नक्कल करणारा प्रोग्रॅम नसलेले अक्षर कल्पनेने भरत नाही. न वाचलेल्या खणाच्या जागी नव्या डिस्कवर पोकळीच राहते.

आणि आमची पोकळी नेमकी नको तिथे पडली होती. नऊ वर्षांचे हिशेब आले. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, ते सारे सुरक्षित होते. पण २० ते ३१ ऑगस्ट या बारा दिवसांची उधारी नव्हती. यातले डिस्कने किती नेले आणि माझ्या शनिवारच्या आज्ञेने किती, हे मला वेगळे करून सांगता येत नाही. ते दिवस चतुर्थीच्या खरेदीचे होते. गूळ, तांदूळ, तेल, नारळ, सारे उधारीवर गेले होते. खाती ४१.

दुसरी नोंद

मी मामांना माझी चूक सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वह्या आहेत की त्यांच्याकडे."

मी विसरले होते. मामांनी खतावणी बंद केली, पण गिऱ्हाइकांकडची छोटी वही बंद केली नव्हती. माल देताना ते संगणकात नोंद करीत आणि गिऱ्हाइकाच्या वहीतही तारीख आणि रक्कम लिहीत. त्यांनी वाडीवाडीवर निरोप धाडला. चतुर्थीच्या आत ३८ वह्या आल्या. काही प्लॅस्टिकच्या पिशवीत, काही पदरात गुंडाळलेल्या. "संगणकातले गेले आहे" हे मामांनी कोणापासून लपवले नाही. मी वही वाचून नोंद भरत होते आणि ते दुसऱ्या बाजूने पाहत होते.

तिघांकडे वह्या नव्हत्या. त्यांनी तोंडी सांगितली ती रक्कम मामांनी लिहून घेतली. एका आजोबांनी १,१४० रुपये सांगितले. चतुर्थी झाल्यावर ते पुन्हा आले. वही माळ्यावर सापडली होती आणि तीत १,१०४ होते. फरक ३६ चा. वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे की, फरकाला ९ ने नि:शेष भाग गेला तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी. आजोबांच्या स्मरणात शून्य आणि चार यांनी जागा बदलल्या होत्या, त्याही त्यांच्याच तोट्याच्या बाजूने. मामांनी ३६ रुपये कमी केले आणि त्यांना चहा दिला.

संगणकाच्या जगात तीन-दोन-एक असा एक नियम सांगतात. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो रूढ केला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी असावी. मामांनी हा नियम ऐकलेला नव्हता. तरी त्यांच्या उधारीची दुसरी प्रत कागदावर होती आणि ती ४१ घरांत ठेवलेली होती. त्या आठवड्यात आम्हाला वाचवले ते नकलेने आणि या वह्यांनी मिळून. एकटी नक्कल पुरली नसती, कारण नक्कल बिघाड झाल्यानंतर करतात आणि जे आधीच गेले आहे ते तिच्यात येत नाही.

आता मामा दर शनिवारी टॅलीची प्रत दोन ठिकाणी घेतात. एक नव्या पेनड्राइव्हवर, तो आजीच्या ट्रंकेत जमिनीच्या कागदांबरोबर असतो. दुसरी ते मला पाठवतात आणि मी ती वसतिगृहात उघडून पाहते. न उघडलेली प्रत असून नसल्यासारखीच. जुनी डिस्क मी पुसली नाही. ती 'चालवू नये' अशी चिठ्ठी लावून फडताळात ठेवली आहे.

मित्रहो, येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा घरच्या संगणकाला एकदा कान लावा. स्मार्टचे तीन आकडे पाहा. कुरकुर ऐकू आलीच, तर दुरुस्तीचा मोह आवरा, यंत्र बंद करा, आणि आधी चांगले घ्या, मग वाईट.